प्रत्येक तार एकतीस मीटर

दुबईतल्या अल मनखूल भागातल्या त्या इमारतीच्या तळघरात कचऱ्याची खोली आणि नेटवर्कची खोली शेजारी-शेजारी होत्या, आणि मधली भिंत छतापर्यंत पोचलेलीच नव्हती. आठ मजल्यांचा कचरा नळकांड्यातून धाडधाड खाली यायचा, पिशव्या फुटायच्या, आणि आंबट पाणी भिंतीखालून नेटवर्कच्या बाजूला सरकायचं. सगळ्या घरांच्या इंटरनेटची यंत्रं ज्या लोखंडी कपाटात होती, त्याचं दार मी उघडलं तेव्हा आतल्या उबेला जमलेली झुरळं माझ्या मनगटावरून बाहीत शिरली. एका यंत्रावर कुणीतरी अर्धा खाल्लेला खबूस, तिकडचा चपटा पाव, ठेवला होता. तो हिरवा पडला होता. मी बाहेर रॅम्पवर जाऊन ओकलो.

मंदीचं पहिलं वर्ष सरत आलं होतं. आमच्या लहानशा कंपनीत नेटवर्क बसवणारे आम्ही चाळीस जण होतो, त्यातले बारा उरलो होतो. नवी इमारत कुणी बांधत नव्हतं, म्हणून बांधून झालेल्या इमारतींचं नेटवर्क तपासून अहवाल द्यायचा, एवढंच काम राहिलं होतं. ही इमारत दोन वर्षांपूर्वी आम्हीच जोडली होती. शहाण्णव घरांचं इंटरनेट दिवसातून दहादा बंद पडत होतं, भाडेकरू सोडून जाण्याच्या गोष्टी करत होते, आणि त्या वर्षी गेलेला भाडेकरू परत मिळत नव्हता.

इमारतीच्या व्यवस्थापकाला कारण आधीच सापडलं होतं. त्यानं मला कपाटातून निघालेली एक करडी तार दाखवली. ती भिंतीच्या कडेनं शेजारच्या वॉचमनच्या खोलीत गेली होती. "हबीबी, यही चोर है," तो म्हणाला. "तुम रिपोर्ट में लिख दो, बाकी मैं देखता हूँ. वीज़ा खलास."

वॉचमन तिथंच उभा होता. पन्नाशीचा, तेलंगणातला, आमच्या तालुक्याच्या गावापासून बसनं दोन तासांवरचा. त्यानं काही लपवलं नाही. तार त्यानंच ओढली होती, हैदराबादला नर्सिंग शिकणाऱ्या मुलीशी जुन्या कॉम्प्युटरवर बोलायला. मुलीचं दुसरं वर्ष चालू होतं. व्हिसा रद्द झाला तर महिन्याभरात देश सोडावा लागणार, आणि त्या दिवसांत त्याला दुसरीकडे कुणी ठेवून घेणार नव्हतं. हे त्यानं सांगितलं नाही. तिथं सगळ्यांनाच ते माहीत होतं.

एका माणसाच्या एका तारेनं शहाण्णव घरं बंद पडत नाहीत. हे मला त्या दारातच कळलं होतं.

मी वर गेलो. तिसऱ्या मजल्यावर पुण्याचं एक कुटुंब राहत होतं. वहिनींनी चहा दिला आणि फ्रिज सरकवून भिंतीतलं सॉकेट दाखवलं. त्यांचा मुलगा मान वर न करता म्हणाला, "अंकल, इट नेव्हर वर्क्स." मी तपासणीचं यंत्र लावलं, ते नापास म्हणालं. बाहेर येऊन मजल्यावरचा तारांचा दरवाजा उघडला. आत सांडपाण्याच्या पाइपाला चिकटून आमच्या तारा खाली उतरत होत्या. पाइप पाझरत होता. तारा जागोजागी कमी पडल्या होत्या म्हणून तुकडे जोडून वर काळी टेप गुंडाळली होती, आणि ती टेप कुणाच्यातरी न्हाणीघराच्या पाण्यात बुळबुळीत झाली होती. बोट लावलं तर सुटून हातात आली. आठही मजल्यांवर तेच.

संध्याकाळी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या ऑफिसात जाऊन मी जुनी फाइल काढली. इमारत ताब्यात देताना प्रत्येक तार तपासून तिचा निकाल छापून द्यावा लागतो. शहाण्णव घरं, शहाण्णव ओळी, सगळ्या पास. लांबीचा रकाना पाहिला. पहिल्या मजल्यावरचं कपाटाजवळचं घर, एकतीस पूर्णांक चार मीटर. आठव्या मजल्यावरचं शेवटच्या टोकाचं घर, एकतीस पूर्णांक चार मीटर. मधली सगळी घरं एकतीस पूर्णांक चार.

प्रत्येक पानाखाली माझी सही होती.

मला ती सकाळ आठवली. तेजीचे दिवस होते, आठवड्याला तीन-तीन इमारती ताब्यात द्यायच्या. सगळेच तसं करायचे. पहिल्या मजल्यावरची एक चांगली तार धरायची, यंत्राचं बटण दाबायचं, घराचा नंबर बदलायचा, पुन्हा बटण दाबायचं. मी सिमेंटच्या गोणीवर बसून शहाण्णव वेळा बटण दाबलं होतं. जेवायच्या आत काम संपलं होतं. मग आनंदानं सह्या केल्या होत्या. आमच्या घरात मी पहिला सही करणारा. वडील सोसायटीत अंगठा उठवून यायचे आणि बोटाची शाई धोतराला पुसायचे. 'टेस्टेड बाय' या दोन शब्दांपुढं माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, असं छापून यायचं की ते पान मी गावी पाठवावं असं वाटायचं. एकदा खरंच पाठवलं होतं. गावातल्या मास्तरांनी ते वडिलांना वाचून दाखवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सगळं सांगितलं. ते मूळचे पुण्याचे, कंपनी त्यांची आणि एका स्थानिक भागीदाराची. गावच्या कॉलेजातून निघालेल्या, इंग्रजी बोलताना घाम फुटणाऱ्या मला त्यांनी घेतलं होतं. पहिले दोन महिने त्यांच्या घरून माझा डबा यायचा. त्यांनी फाइल पाहिली, मिटली, आणि रागावले नाहीत.

"बाळा, विमानतळावर तुला घ्यायला कोण आलं होतं?"

"तुम्ही, सर."

"मग हे बाहेर गेलं तर कुणाचं घर बसतं? तुझ्यासकट बारा जण आहेत. वॉचमन काय, लागेल कुठंतरी."

मग त्यांनी मला एक वाक्य दिलं. 'तळघरातील कपाटातून विनापरवाना जोडणी घेतल्याचे आढळले.' एवढंच लिहायचं, कारण असं कुठं म्हणायचं नाही. यात खोटं काय आहे, असं त्यांनी मला विचारलं. मी शोधलं. एकही शब्द खोटा नव्हता. मी ते वाक्य टाइप केलं, आणि उठताना त्यांना "थँक्यू सर" म्हणालो. त्या थँक्यूची मला अजून किळस येते, झुरळांपेक्षा जास्त.

अहवाल माझ्या कॉम्प्युटरवर तीन दिवस पडून राहिला. फोटो राहिलेत, असं मी साहेबांना सांगत होतो. रोल्ला भागातल्या माझ्या भाड्याच्या खोलीत, सहा जणांच्या पलंगांमध्ये बसून मी मनातल्या मनात हिशेब मांडत होतो की एक माणूस जाणं बरं की बारा. हा हिशेब मांडताना मला मी न्यायी वाटत होतो, हे मुद्दाम लिहून ठेवतो.

चौथ्या दिवशी फोटो काढायला तळघरात गेलो तर खोली ओळखू येईना. फिनेलचा वास येत होता. फरशी खरवडून धुतली होती, कचऱ्याच्या बाजूची फट पोती कोंबून बुजवली होती, कपाटाच्या कोपऱ्याकोपऱ्यात झुरळांचं औषध लावलं होतं. दार आतून-बाहेरून पुसलेलं. करडी तार काढून तिचं नीट वेटोळं करून बाजूला ठेवलं होतं. वॉचमनच्या खोलीच्या उघड्या दारातून टेप मारलेला एक पुठ्ठ्याचा खोका दिसत होता.

"साब," तो म्हणाला, "अब तो रिपोर्ट अच्छा आता ना? इतना गंदा था, आप उस दिन उल्टी कर दिए. मैं दो दिन घिसा."

त्याला वाटलं होतं, मी स्वच्छता तपासायला आलोय.

मी तिथंच, त्याच्या स्टुलावर बसून, लॅपटॉपवर अहवाल पुन्हा लिहिला. टेप मारलेले जोड, पाझरणारा पाइप, नापास घरांची यादी. वॉचमनच्या तारेचा बिघाडाशी संबंध नाही. दोन वर्षांपूर्वीची चाचणी प्रत्यक्षात झालेली नव्हती, आणि ती केल्याची सही माझी आहे. साहेबांना न विचारता तो व्यवस्थापकाला नेऊन दिला.

मला वाटलं होतं, तो चिडेल. त्यानं वाचलं, पुन्हा वाचलं, आणि तो खूश झाला. आता सगळी इमारत आमच्या कंपनीकडून फुकट नव्यानं जोडून घेता येणार होती. त्यानं मला कॉफी मागवली. मी वॉचमनचं विचारलं तेव्हा त्याला आधी आठवेना. "अरे, रहने दो उसको," तो म्हणाला. "सफाई अच्छी करता है."

साहेब त्यानंतर माझ्याशी कामापुरतंच बोलले. काम मात्र मलाच दिलं. उन्हाळ्याचे दोन महिने मी आणि आणखी एकजण त्या ओल्या फटींमधून जुन्या तारा उपसत होतो. दुसऱ्यांच्या न्हाणीतलं पाणी मानेवर गळायचं. ते संपलं की माझा व्हिसा पुढं वाढणार नव्हता, तसं त्यांनी सांगून ठेवलं होतं. बाकीचे अकरा जण राहिले. कंपनीही राहिली.

वॉचमन रोज थंड पाणी आणून द्यायचा आणि खालून बॅटरी धरायचा. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा की या साहेबांनी माझी नोकरी वाचवली. मला ते ऐकवेना. एके दुपारी शिडीवरून उतरून मी त्याला फाइलीतला तो रकाना दाखवला आणि सही माझी आहे, हे सांगितलं.

त्यानं सहीवरून बोट फिरवलं. सहीचं त्याला फारसं काही वाटलं नसावं. त्यानं दुसरंच विचारलं.

"पहले दिन से मालूम था आपको?"

"हां."

"फिर चार दिन काहे को रुके?"

तो म्हणाला की त्या चार दिवसांत त्यानं मुलीला फोन करून कॉलेज सोडायला सांगितलं होतं. तिनं नाव काढून घेतलं होतं. पुन्हा घातलं, पण वर्ष गेलं.

बॅटरी त्यानं शिडीच्या पायरीवर ठेवली आणि तो वर निघून गेला. उरलेले दोन मजले मी बॅटरी दातात धरून केले.