पाठीतली तार

गल्लीच्या तोंडाशी केस कापायचं दुकान चालवणाऱ्या बाईला सगळे वहिनीच म्हणत. दुकानात मदतीला असलेल्या धाकट्या नणंदेची हाक गिऱ्हाइकांनीही उचलली होती. मणक्याच्या ऑपरेशननंतर वहिनीचा डावा पाय निखाऱ्यावर धरल्यासारखा जळायचा. शेवटी डॉक्टरांनी कण्याजवळ एक बारीक तार बसवली आणि कमरेत कातडीखाली बॅटरी. तारेतल्या हलक्या करंटने दुखणं दबायचं, पायात नुसत्या मुंग्या उरायच्या. वहिनी पुन्हा कात्री घेऊन उभी राहिली. "आता मी बॅटरीवर चालते हं," असं गिऱ्हाइकांना हसत सांगायची.

वर्ष सरलं आणि जळजळीने परत डोकं वर काढलं. वहिनी बॅटरीच्या रिमोटने करंट वाढवायची, थोडे दिवस बरे जायचे, मग पुन्हा तेच.

"मशीन तर चालू आहे, वहिनी. जरा मन घट्ट कर," नणंद म्हणाली.

आपल्याला नाटकी म्हणतील, या धास्तीने वहिनीने नवऱ्यालाही काही सांगितलं नाही.

एका सकाळी शाळकरी मुलीचे केस कापता कापता तिने करंट आणखी चढवला. पायाऐवजी तो बरगड्यांत घुसला. छातीभोवती कचकन पट्टा आवळल्यासारखं झालं, हात हलला आणि मुलीच्या कानाला कात्री लागली. जखम छोटीच होती, पण मुलीची आई कडाडली, "हात थरथरतात तर दुकान उघडता कशाला?"

वहिनीने कात्री खाली ठेवली. नणंद तिला त्याच दिवशी डॉक्टरांकडे घेऊन गेली.

एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, "तार जागची हललेली नाही. बॅटरीही ठणठणीत आहे."

"मग मलाच वेड लागलंय का?"

"छे हो. शरीराला तार परकी वाटते. जखमेवर वण धरतो ना, तसा तिच्याभोवती जाड थर धरलाय. करंट नीट पोचत नाही आणि जोर वाढवला की भलतीकडे पसरतो."

"नवी बसवली तर?"

"बसवू. पण पुन्हा असं होणार नाही, हा शब्द मी देऊ शकत नाही."

बाहेर आल्यावर नणंद पुटपुटली, "मी तुला काय काय बोलले."

"बोललीस खरी," वहिनी म्हणाली आणि पुढे चालू लागली.

त्या संध्याकाळी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं आणि ऑपरेशनला होकार कळवला. नव्या तारेने पाय निम्माच शांत झाला. आता वहिनी उंच स्टुलावर बसून फक्त सकाळची गिऱ्हाइकं करते.

"आज करंट परत वाढवावा लागला," ती नणंदेला सांगते.

नणंद तिचं पुढचं गिऱ्हाईक आपल्या खुर्चीवर बसवते.