आबांच्या खाटेवरचा पडदा

छताला सिनेमाचा पडदा बांधायची कल्पना माझी. हे आधीच सांगून ठेवते, कारण नंतर आमच्या कसबा बावड्यात जो तो ती आपलीच म्हणून मिरवत होता.

झालं असं, की आबा, म्हणजे माझे वडील, बैलगाडीवरनं पडले आणि खुबा मोडला. एके काळी कुस्तीचं मैदान गाजवलेला गडी कमरेपासून प्लॅस्टरमध्ये, उताणा. कुशीवर वळायचं नाही, उठून बसायचं नाही. पहिले काही दिवस सगळ्यांवर खेकसले, मग एकदम गप्प झाले. ताट तसंच परत जायला लागलं. आई पदरानं डोळे पुसायची आणि मला नुसता संताप यायचा. आबांचा आवाज नसलेलं घर मला घर वाटेना.

तपासायला येणारे डॉक्टर हौशी माणूस. आबांची शेवटची कुस्ती त्यांनी कॅमेऱ्यानं टिपलेली. पाच-सात मिनिटांची मुकी फिल्म. गल्लीत तेव्हा टीव्हीसुद्धा आला नव्हता, आणि यांच्या घरी प्रोजेक्टर! "दाखवली असती हो," ते म्हणाले, "पण भिंतीकडं मान वळायला पाहिजे की."

"मान कशाला वळवायची?" मी म्हटलं. "पडदाच वर न्यायचा!"

आईनं नवी चादर काढली, नीळ दिली आणि कांजी अशी घातली की चादर आपली आपण उभी राहील. मी तिच्या दोन टोकांना बांबू शिवले, तुळयांना सुतळ्या बांधल्या आणि खाटेच्या बरोबर वर चादर आडवी ताणली. जरा झोळ पडला की सोडायची, परत ताणायची. शेजारीण डोकावली. "काय गं, पूजा हाय व्हय? देवावर बांधत्यात तसं छत बांधलंस ते?"

"पूजाच म्हणा की," मी म्हटलं.

दुपारी खिडक्यांना घोंगडी लावली. प्रोजेक्टर जमिनीवर, त्याच्या पुढं तिरपा आरसा, आरशावरनं उजेड वर. आणि दिसले की आबा! लंगोट लावलेले, मांडी थोपटणारे.

"कोन हाय ह्यो?" आबांनी विचारलं.

"तुमीच की, आबा!"

"मी? मी काय डावरा हाय? माझी धोबीपछाड उजव्या खांद्यावरनं! बंद करा त्ये!"

आरशानं चित्र उलटं केलं होतं. डॉक्टर ओशाळले, पण मी हसतच सुटले. किती दिवसांनी आबा ओरडले होते! मग आईचा भिंतीवरचा आरसा काढला आणि डब्याला टेकवून पहिल्यासमोर ठेवला. उलट्याचं पुन्हा उलटं, म्हणजे सुलटं.

"हां," आबा म्हणाले. "ह्यो मी."

मग त्यांनी आईला हाक मारली. बायकांनी मैदानात जायची रीत नव्हती, त्यामुळं आईनं नवऱ्याची एकही कुस्ती बघितली नव्हती. पदर सावरून ती खाली बसली, मान वर करून.

"मान मोडंल. आडवी हो."

"अगं बाई! पावण्यांसमोर?"

डॉक्टरांनी मुकाट्यानं भिंतीकडं तोंड केलं. आई चटईवर आडवी झाली, शेजारी मी. वर आबांनी समोरच्या धिप्पाड गड्याला उजव्या खांद्यावर घेतलं आणि दाणकन आपटलं. दाणकन माझंच, फिल्म मुकी होती.

"पाडलं की ओ!" आई किंचाळली.

"मग? इतकी वर्सं काय सांगत हुतो?"

"परत लावा," आई डॉक्टरांना म्हणाली. त्या संध्याकाळी आबांचं ताट चाटूनपुसून परत आलं.

प्लॅस्टर निघेपर्यंत आईनं ती चादर सोडू दिली नाही. कुणी भेटायला आलं की वर कोऱ्या चादरीकडं बोट करायची. "हितनं उचललं त्येला, आन् हितं आपटलं. माझ्या डोळ्यांनी बघितलंय." खाली आबा मिशीवरनं हात फिरवत पडलेले असायचे.