मामांच्या सेवापुस्तकातला शेरा

प्रयोगशाळेच्या मधोमध स्टूल ठेवायचं, त्यावर कुणाची तरी पाण्याची बाटली ठेवायची आणि बाटलीवरची नजर न हलवता तिच्याभोवती एक फेरी मारायची, हा मामांचा आवडता उद्योग होता. "ही बाटली म्हणजे पृथ्वी, आणि मी चंद्र," ते मुलांना सांगत. "पृथ्वीला माझं तोंडच दिसतंय, पाठ दिसत नाही. बरोबर? आता माझं तोंड कुठे कुठे होतं ते आठवा. आधी खिडकीकडे, मग फळ्याकडे, मग दाराकडे. चारही भिंती बघून झाल्या माझ्या. मग एका फेरीत मी स्वतःभोवतीही एकदा फिरलो की नाही?" कुणी "नाही" म्हणालं, तर त्यालाच चंद्र करत. "फिरून बघा, मग बोला."

तुमच्याही शाळेत असे एक मामा असतील. घंटा देणारे, नोटीस फिरवणारे. आमचे मामा नारायण पेठेतल्या आमच्या शाळेत प्रयोगशाळा सांभाळत. परीक्षानळ्या धुवायच्या, चुंबकं मोजून ठेवायची, आणि अलीकडे शिक्षकांच्या प्रश्नपत्रिकाही संगणकावर टाइप करून द्यायच्या. मराठी टायपिंग ते वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी शिकले होते, आणि आम्हाला सगळ्यांना ते फार सोयीचं झालं होतं.

चंद्राविषयी त्यांना किती माहीत होतं, याचा अंदाज आम्हा शिक्षकांना कधी आला नाही. आम्ही विचारलंच नव्हतं. मुलांना मात्र ठाऊक होतं. "तिथे वारा नाही, पाऊस नाही. पन्नास वर्षांपूर्वी माणसं चालून आली, त्यांच्या पावलांचे ठसे अजून तसेच आहेत," असं सांगून ते व्हरांड्याकडे बघत. "इथे मी दिवसातून दोनदा पुसतो." चंद्रावर वजन सहावा हिस्सा होतं, हे शिकवताना म्हणत, "ही बाकं तिकडे हलवायला मिळाली असती, तर माझी कंबर शाबूत राहिली असती." चांद्रयान उतरलं त्या संध्याकाळी सगळी शाळा सभागृहात जमली होती. यान टेकलं तशी मुलं बाकांवर चढून नाचली. मामा मागे दाराशी उभे राहून डोळे पुसत होते. मी जवळून गेले तेव्हा म्हणाले, "बाई, आता चौदा दिवस ऊन आहे तिथे. मग चौदा दिवस अंधार आणि भयंकर थंडी. तेवढ्यात कामं उरकायला पाहिजेत त्याने." घरच्या माणसाची काळजी करावी, तसे बोलत होते.

मी मान हलवली आणि पुढे गेले. मी रसायनशास्त्राची पदवीधर, विज्ञान शिकवणारी. मामांकडून चंद्र शिकायची मला काय गरज!

त्याच उत्साहात सातवीच्या चाचणी परीक्षेत मी चंद्रावर दहा गुणांचे प्रश्न घातले. चूक की बरोबर ते लिहा: 'चंद्र स्वतःभोवती फिरत नाही, म्हणून आपल्याला त्याची एकच बाजू दिसते.' सोबतच्या उत्तरसूचीत मी लिहिलं, बरोबर.

मधल्या सुट्टीत मामा माझा हाताने लिहिलेला कागद घेऊन शिक्षकखोलीत आले. "बाई, आठव्या प्रश्नाचं उत्तर एकदा बघता का?"

डबा खाता खाता मी म्हटलं, "मामा, तुम्ही फक्त टाइप करा. तपासायला आम्ही आहोत."

दोघीतिघी हसल्या. मीही हसले. मामा "बरं" म्हणाले आणि गेले. मी लिहिलं होतं तसंच त्यांनी टाइप केलं.

मामांच्या स्टुलाभोवती फिरलेल्या सगळ्या मुलांनी 'चूक' लिहिलं होतं. मी सगळ्यांचे गुण कापले. तिसऱ्या दिवशी कोथरूडहून एक पालक आले, पाठ्यपुस्तक उघडून मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "आपल्याकडे शिक्षकांसाठीही चाचणी असते का?" मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, लालबुंद झाल्या. त्यांनी मला बोलावलं.

आणि मी म्हणाले, "मी 'चूक' असंच लिहिलं होतं. टाइप करताना गडबड झाली असणार, आणि पेपर मी त्या टाइप केलेल्या सूचीवरूनच तपासले."

हे वाक्य मी ठरवून बोलले नव्हते, असं मी बरेच दिवस स्वतःला समजावलं. पण बोलले मीच.

मामांना बोलावलं. बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या सेवापुस्तकात एकही शेरा नव्हता, आणि याचा त्यांना इतका अभिमान होता की शाळेतल्या नव्या माणसाला ते पहिल्याच आठवड्यात ऐकवत. निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं. मोठ्या बाईंनी विचारलं, "हे तुम्ही टाइप केलंत?"

"हो."

"मूळ कागद कुठे आहे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पालकांच्या पुस्तकाकडे पाहत होते. "सापडत नाही, बाई," ते म्हणाले.

शेरा लिहिला गेला: कामात निष्काळजीपणा. मामांनी त्याखाली नीट, सावकाश सही केली.

शाळा सुटल्यावर त्यांनी मला जिन्यात गाठून माझा कागद दिला. "टायपिंग झालं की मूळ कागद ज्याचा त्याला परत करायचा असतो."

"मामा, बोलला का नाहीत?"

"उद्या वर्गावर तुम्हालाच जायचंय. मुलं हसायला लागली की शिकवता येत नाही."

मी तो कागद बारीक फाडला आणि शिक्षकखोलीतल्या डब्यात टाकला. तो डबा रोज मामाच रिकामा करत. हे लिहितानाही मला माझी शिसारी येते.

त्यांच्या निरोप समारंभात विज्ञान विभागातर्फे मीच बोलले. छान बोलले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरं सांगायला तेवढी एक जागा होती, तीही मी शाल आणि नारळ देण्यात घालवली.

ते गेल्याचं मला सहा महिन्यांनी कळलं. परवा अखेर कसबा पेठेत त्यांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नीने चहा टाकला. "शाळेबद्दल फार बोलायचे. तेवढी एक चूक झाली त्यांच्याकडून, टायपिंगची. ती मात्र फार लागली होती त्यांना."

म्हणजे त्यांनी घरीसुद्धा सांगितलं नव्हतं.

मग मी सांगितलं. सगळं, डब्यातल्या कागदापर्यंत. त्या मला बोलतील, घराबाहेर काढतील, असं वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. त्या पदराने हात पुसत राहिल्या.

"मला वाटलं, त्यांची नजर गेली, म्हणून टाइप करताना चुकले," त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम आहेत. मी ऐकलंच नाही. म्हटलं, त्या वाचनानेच घात केलाय. चंद्रावरची पुस्तकं होती त्यांची, दोन पेट्या भरून. सगळी रद्दीत दिली मी. शेवटचं दीड वर्ष नुसते बसून असायचे, बाई. अक्षर वाचू दिलं नाही मी त्यांना. आणि ते काही बोललेच नाहीत हो."