आईने ओढलेली दोरी

कारखान्यात पेट्रोलमध्ये ऑइल मिसळल्याचा वास आला, की नावेचं इंजिन घेतलं तो दिवस आठवतो. वडील मुळा धरणात मासे धरत, आई नावेत सोबत असे; त्यावरच मी पदवीधर झालो. दुकानदार मोठं इंजिन दाखवत होता. वडिलांनी सुरू करायची दोरी आईच्या हाती दिली. तिला ते काही सुरू होईना. लहान इंजिन मात्र एका ओढीत सुरू झालं.

"हेच द्या," वडील म्हणाले.

दुकानदार हसला, "नाव काय वहिनी चालवनार व्हय?"

"जाळं टाकताना मी पान्यात पडलो, तर मला घ्यायला तीच येनार हाय."

तेव्हा मला ती थट्टा वाटली होती.

वडील गेले ते घरी, अंथरुणावर. आई अजूनही काठाला बांधलेल्या नावेत बसून दोरी ओढते. इंजिन लगेच सुरू होतं, आणि ती धरणाकडे बघत राहते.