कुरकुरणारे ब्रेक

गाडी चार दगडांवर चढवलेली, चाकं निघालेली, पुढचा आक्सल जमिनीवर पडलेला, आणि चुनीलाल शेठ दारात उभे राहून विचारतायत, "मिस्त्री, गुरुवारी मिळेल ना?"

"मिळेल की. कोणत्या महिन्यातल्या गुरुवारी?"

शेठ हसले नाहीत. त्यांना गाडीवर केलेली थट्टा चालत नसे.

त्या वेळी नारायणगावात माझं पत्र्याचं वर्कशॉप होतं. पुण्याला कॅम्पातल्या एका गॅरेजात नऊ वर्षं काढून मी इकडे आलो होतो. आसपास मोटारीला हात लावणारा मी एकटाच, त्यामुळे मिजासही तेवढीच. शेठ जुन्नरचे, कापडाचे व्यापारी. आजोबा मारवाडातून आले, नातू आमच्यापेक्षा चोख मराठी बोलत. विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाकडून त्यांनी ही गाडी घेतली होती. दोन सीटची, लांब नाकाची, पहिल्या जर्मन लढाईच्या आधीची रेसची गाडी. पळायला वाघ, पण थांबायचं म्हटलं की बोंब. कारण ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना. उतारावर जोरात दाबले की मागचा भाग रस्ता सोडून बाजूला फेकला जायचा.

म्हणून मी पुण्याच्या जुन्या बाजारातून एका उलटलेल्या नव्या गाडीचा पुढचा आक्सल आणला. त्याला ब्रेक होते. लाकडी आऱ्यांची चाकं काढून तारेची बसवायची ठरली. स्प्रिंगांची दोन-दोन पानं बदलली आणि वरून सुतळी गच्च गुंडाळली, म्हणजे खड्ड्यातून गेल्यावर गाडी नाचत राहत नाही. सुतळीनं स्प्रिंग बांधतात हे ऐकून लोक हसतात. हसू द्या. चांगले चांगले साहेब असंच करायचे.

शेठचा ड्रायव्हर धोंडिबा. पिंपळवंडीचा. बापजाद्यांनी मेंढरं राखली, ह्यानं शेठच्या घरी वीस वर्षं दमणी हाकली. दमणी म्हणजे पळत्या बैलांची हलकी गाडी, माणसं नेण्याची. शेठनी मोटार घेतली, बैल विकले, आणि धोंडिबाला कासऱ्याऐवजी स्टिअरिंग धरायला बसवलं. वयानं माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा, तरी मी त्याला अरे-तुरे करायचो. मिस्त्री ना मी!

एक सांगितलं पाहिजे. ब्रेकचं हे काम निघायच्या आधीच्या उन्हाळ्यात गाडीची लाकडी चाकं कुरकुरायला लागली होती. मी म्हटलं, नवी चाकं लागतील. धोंडिबानं काय करावं? गाडी कुकडीच्या पात्रात नेऊन गुडघाभर पाण्यात उभी केली, रात्रभर. बैलगाडीची चाकं उन्हानं आटली की असंच करतात. मी चारचौघांत त्याची टर उडवली. "धोंडिबा, म्हशी धुवायला नेल्यास का?" दुसऱ्या दिवशी चाक हलवून बघितलं तर एक आरा ढिला नाही. लाकूड फुगून जागेवर बसलं होतं. तो बरोबर होता, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

तर ब्रेक बसवायच्या दिवशी धोंडिबा गाडीपाशी उकिडवा बसला. म्हणाला, "मिस्त्री, बघू द्या की आत काय आसतं त्ये."

मी पडदा ओढला. कॅम्पातल्या आमच्या उस्तादांची शिकवण होती, की ब्रेकचा ड्रम, ठिणगी पाडणारा मॅग्नेटो आणि गियरबॉक्स कधी मालकाच्या किंवा ड्रायव्हरच्या समोर उघडायचा नाही. त्यासाठी प्रत्येक मिस्त्रीकडे एक जाड ताडपत्रीचा पडदा असायचा. आत बघितलं की विद्या गेली, गिऱ्हाईक गेलं. मीही तसंच करत आलो होतो.

पडद्याआड काय होतं ते तुम्हाला सांगतो. चाकाबरोबर फिरणारा लोखंडी डबा, तो ड्रम. त्याच्या आत दोन वाकड्या पट्ट्या, त्यांना बाहेरून जाड विणलेलं अस्तर. पाय दाबला की पट्ट्या फाकतात, अस्तर ड्रमला घासतं, चाक थांबतं. बस्स. सगळं काम घासण्यावर. म्हणून आत टिपूसभर तेल जाता कामा नये. बाकी मोटारीला जिथं तिथं तेल लागतं, इथं मात्र तेल म्हणजे विष. इतकं साधं, लहान पोराला कळेल असं. ते मी पडद्याआड ठेवलं.

गुरुवारी नाही, पण पुढच्या सोमवारी गाडी दिली. काय गाडी झाली होती! वळणावर रुळावरून चालल्यासारखी जायची, आणि पाय ठेवला की जागच्या जागी उभी. एकच गोष्ट. नवं अस्तर ड्रमवर बसेपर्यंत कुरकुरतं. कधी कधी चांगलं किंचाळतं. महिनाभरात आपोआप थांबतं.

गावाकडे कुरकुरणारी गाडी म्हणजे काय, ते ज्यानं बैलगाडी ठेवली त्यालाच ठाऊक. चाक वाजलं की लोक म्हणतात, गाडीवान आळशी आहे, वंगणसुद्धा घालत नाही. दमणीच्या वीस वर्षांत धोंडिबाचं चाक कधी वाजलं नव्हतं. आणि जुन्नरच्या रविवारच्या बाजारात, भर गर्दीत, शेठची गाडी थांबली ती डुकरासारखी केकाटत. पोरं नक्कल करत मागे पळाली. शेठ तांबडेलाल. धोंडिबाला म्हणाले, "तुझ्या हातात गाडी शोभत नाही. हा आवाज बंद कर, नाहीतर पुण्याहून शिकलेला ड्रायव्हर आणतो."

दोन दिवसांनी धोंडिबा माझ्याकडे आला. मी उतारू नेणाऱ्या एका सर्व्हिस मोटारीखाली पडलो होतो, तोंडावर काळं तेल गळत होतं, नट सुटत नव्हता. आधीच डोकं फिरलेलं.

"मिस्त्री, त्यो आवाज..."

"येणारच आवाज. नवे ब्रेक आहेत."

"त्ये ठावं हाय. पर शेठ लई तापल्यात. नोकरी जायाची माजी. कायतरी इलाज सांगा. कशानं वाजतंय त्ये तरी सांगा, मंग म्या बघतो."

"तू बघतोस? तू काय बघणार? ही दमणी आहे का? जा, गाडी हाकायचं बघ. आतलं माझं काम आहे."

"मंग तुमी बघा की राव."

"त्यात बघण्यासारखं काही नाही!"

मला मोटारीखालून त्याच्या फक्त वहाणा दिसत होत्या. मग त्या गेल्या. मी परत नटाला लागलो.

पुढच्या आठवड्यात शेठ पुण्याला व्याह्यांकडे गेले. व्याह्यांच्या दारात सगळे स्वागताला उभे, आणि गाडी अशी किंचाळली म्हणे, की आतून बायका धावत बाहेर आल्या. शेठ सर्वांसमोर म्हणाले, "धोंडिबा, उद्या जुन्नरला पोचलो की किल्ली ठेव आणि घरी जा."

सकाळी निघायच्या आधी धोंडिबानं वाण्याकडून एरंडेल आणलं. बैलगाडीचं चाक वाजतं तेव्हा जे करायचं, ते त्यानं केलं. काडीला चिंधी गुंडाळली आणि ड्रमच्या मागच्या फटीतून चारी चाकांना एरंडेल पाजलं. अगदी सारखं, एकाला कमी नाही, एकाला जास्त नाही. कामचुकारपणा त्याच्या अंगातच नव्हता.

आवाज बंद झाला. शेठ खूश. खेडचा घाट ते चढून आले तेव्हा शेठ म्हणाले होते, "आता कशी गाडी वाटते! राहा बाबा, नको किल्ली." हे शेठनीच मला नंतर सांगितलं.

सपाटीवर गाडी हळू होती तोवर कसंबसं भागलं, आणि चढाला ब्रेक लागत नाहीत. उताराला लागतात. अवसरीच्या घाटात उतरताना दुसऱ्या वळणावर धोंडिबानं पाय दाबला, तर लोण्यात गेल्यासारखा गेला. बाहेरच्या अंगाला हाताचा ब्रेक होता, तो त्यानं ओढला. तो मागच्याच ड्रमचा, तिथंही एरंडेल. आणि वळणापलीकडे मेंढरं. सगळा रस्ता भरून, मध्ये एक धनगरीण पाठीला लेकरू बांधून.

एका बाजूला दरी होती, एका बाजूला डोंगर. त्यानं गाडी डोंगरावर घातली. उजवी बाजू खडकाला घासत गेली आणि थांबली. शेठ फेकले गेले, खांदा निखळला. मेंढरू एकही मेलं नाही. धोंडिबाचा उजवा हात ब्रेकच्या दांड्यावर होता. त्यानं तो शेवटपर्यंत सोडला नाही, आणि हात खडक आणि गाडी यांच्यामध्ये आला.

डॉक्टरांनी मनगटापासून कापला.

दहा-बारा दिवसांनी मंचरला, घाटातून ओढून आणलेल्या गाडीपाशी पंचनामा. फौजदार, चार पंच, गळ्यात हात बांधलेले शेठ, आणि कोपऱ्यात धोंडिबा, फडक्यात गुंडाळलेला थोटा हात मांडीवर घेऊन. शेठ म्हणाले, "ब्रेक या मिस्त्रीनं बसवलेत, त्याला विचारा." काम खोटं ठरलं तर दुकान बंद, कदाचित तुरुंग.

फौजदार म्हणाले, "उघडा."

मी सगळ्यांसमोर ड्रम उघडला. पडदा वगैरे काही नाही. आतून एरंडेलाचा वास आला आणि अस्तरावरून तेल ओघळलं. खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं.

"हे तेल कोणी घातलं?" फौजदारांनी विचारलं.

"म्या," धोंडिबा म्हणाला.

"घालायला कोणी सांगितलं?"

"कुनी न्हाई."

"मिस्त्रीला विचारलं होतंस का?"

धोंडिबानं माझ्याकडे बघितलं. मी ड्रमकडे बघितलं. हातात पाना होता, तो पुसायला लागलो.

"न्हाई जी," तो म्हणाला. "माजीच चुकी हाय."

फौजदारांनी लिहिलं: ड्रायव्हरचा अडाणीपणा. मिस्त्रीचे काम चोख. मी खाली सही केली. सुरेख सही आली होती.

शेठनी धोंडिबाला नोकरीवरून काढलं. गाडी माझ्याकडेच परत आली आणि मी तिला पुन्हा उभी केली. त्या पंचनाम्याचा बोलबाला झाला, मंचर-घोडेगावापर्यंतची कामं माझ्याकडे यायला लागली. "सरकारनं चोख म्हटलेला मिस्त्री," असं लोक माझ्या तोंडावर म्हणायचे.

पावसाळा संपल्यावर मी पिंपळवंडीला गेलो. धोंडिबा ओसरीवर बसून डाव्या हातानं दावं वळायचा प्रयत्न करत होता. एक टोक पायाच्या अंगठ्यात धरलं होतं. त्याच्या बायकोनं मला पाणी दिलं आणि आत गेली. ती परत बाहेर आली नाही.

"धोंडिबा भाऊ," मी म्हटलं, "तुम्ही फौजदाराला सांगितलं का नाही? तुम्ही मला विचारलं होतं."

"इचारलं व्हतं की."

"मग?"

"सांगून माजा हात आला आसता व्हय?" तो दाव्याचा पीळ बघत म्हणाला. "तुमीबी गेला आसता. मंग मोटारी कुनी बघायच्या हितं? एकजन तरी ऱ्हायला पायजे कामाचा." मग दावं बाजूला ठेवून, "एकच सांगा आता तरी. आत काय व्हतं?"

मी ओसरीच्या मातीत बोटानं चित्र काढलं. ड्रम, पट्ट्या, अस्तर. घासतं म्हणून थांबतं, तेल गेलं की घासत नाही. त्यानं वाकून बघितलं. एकदाच बघितलं.

"येवढंच?" तो म्हणाला.

"एवढंच."

त्यानंतर तीस वर्षं मी हे काम केलं. माझ्याकडे जो ड्रायव्हर आला, मालक आला, रस्त्यानं जाणारा आला, त्याला मी ड्रम उघडून दाखवला आणि ब्रेकला तेल लावायचं नाही असं सांगितलं. सांगायला श्वासभर वेळ लागतो. ऐकून लोक म्हणतात, मिस्त्री फार मोकळा माणूस आहे, हातचं राखून शिकवत नाही.