नाव दीदींचे, नकारही दीदींचाच

डॉ. कुमुद देशकर यांना मी पहिल्यांदा भेटले ती पेढे घेऊन. माझा शोधनिबंध एका ऑनलाइन नियतकालिकाने पाठवताच स्वीकारला होता आणि त्याच्या संपादक मंडळात आमच्या रायपूरच्या निवृत्त प्राध्यापक कुमुद मॅडमचे नाव, फोटोसकट. त्यांनीच कृपा केली असणार! ब्राह्मणपाऱ्यातल्या त्यांच्या घरी गेले आणि सरळ पाया पडले.

माझ्या मोबाइलवर ते पान पाहून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "फोटो माझाच हाय, पोट्टी. पण ह्या लोकायले मी ओळखत नाही. तुहा निबंध कोणी वाचलाच नाही." अशा बनावट नियतकालिकातला निबंध विद्यापीठ धरत नाही. तिथे छापला गेला असता तर दुसरीकडे छापता आला नसता आणि पीएच.डी. बुडाली असती.

दीदींनी (सारे विद्यार्थी त्यांना असेच म्हणतात) लगेच मला निबंध मागे घेत असल्याचे नियतकालिकाला कळवायला लावले. उत्तरात धमकी आली: छपाईचे पैसे बुडवल्याची विद्यापीठाकडे तक्रार करू. मला रडूच फुटले.

"रडून काहून राहिली? त्यायच्या आधी आपणच जाऊ," म्हणत त्या मला घेऊन संशोधन समितीपुढे उभ्या राहिल्या. तिथे एका सदस्यांनी विचारले, "बिना पूछे कोई नाम कैसे डाल देगा, मैडम?" दीदीही घाबरल्या: जन्मभराच्या सचोटीवर कुणी विश्वासच ठेवला नाही तर? तरी त्या म्हणाल्या, "डर मुझे भी है, सर. मेरा नाम देखकर और कितने बच्चों ने भेजा होगा?" समितीने ऐकून घेतले आणि माझी पीएच.डी. बचावली.

तेव्हापासून दीदींचा नियम आहे: निबंध पाठवण्याआधी संपादक मंडळातल्या एकाला तरी फोन लावायचा. सगळीच मोफत वाचता येणारी ऑनलाइन नियतकालिके लुबाडू, असे म्हटलेले त्यांना खपत नाही. "फुकट वाचू देणं चांगलंच हाय. न वाचता छापणं वाईट," त्या ठणकावतात. फोन लागेपर्यंत शेजारी बसून चहा पाजतात. मध्यंतरी असाच एक फोन संपादकांच्या मुलीने उचलला. "पापा तो अब नहीं रहे," ती म्हणाली. त्यांच्या नावाने निबंध स्वीकारणे मात्र सुरूच होते.

दीदींनी आता पंचाहत्तरी गाठली आहे. त्या बनावट नियतकालिकाच्या पानावरून त्यांचे नाव अजूनही निघालेले नाही; आम्ही कळवून थकलो. कुणी विद्यार्थी विचारायला फोन करतो तेव्हा त्या स्वतः सांगतात, "मी नाही त्यात. पाठवू नको." म्हणून माझ्या शुभेच्छेत स्वार्थ आहे, आणि भीतीही. दीदी, तब्येतीला जपा, खूप खूप जगा. तुमच्या नावाने 'हो' म्हणणारे पुष्कळ आहेत. 'नाही' म्हणणाऱ्या तुम्ही एकट्याच आहात.