खाऱ्या मातीची भिंत

नत्थुजी हा धाब्यांचा माणूस. दर्यापूरकडच्या त्याच्या गावात घरावर कौलं कोणाच्याच नव्हती. आडव्या लाकडांवर चोपलेला मातीचा जाड थर, तेच धाबं. दर उन्हाळ्यात पूर्णेकाठची खारी माती आणून ते नव्यानं लिंपायचं, आणि ती माती कुठे किती चोपावी हे नत्थुजीइतकं कोणाला कळत नसे. निदान नत्थुजीचं मत तसं होतं. धाब्यावर उभा असला की तो पाटलालाही वरूनच रामराम घाली.

भिंतीशी मात्र त्याचा संबंध नव्हता. धाबं बाप्याचं आणि भिंत बाईची, अशी गावाची जुनी वाटणी.

या वाटणीत शालिकराम घुसला. शालिकराम म्हणजे नत्थुजीच्या बायकोचा, सत्यभामेचा, धाकटा भाऊ. लहानपणी आईमागं शेणाचं टोपलं घेऊन फिरता फिरता तो ओल्या भिंती वाळवायला शिकला. एरवी त्याला कोणी विचारलं नसतं. पण तिकडे अमेरिकेत लढाई पेटली आणि इकडे वऱ्हाडात कापसाला असा भाव आला, की लोक पोराबाळांना ओसरीवर निजवून माजघर कापसाला देऊ लागले. ओल्या भिंतीला टेकलेला कापूस पिवळा पडतो, आणि पिवळ्या कापसाकडे अकोल्याचा व्यापारी बघतही नाही. झालं. शालिकरामला गावोगावची बोलावणी सुरू झाली.

"आज शालिकले न्यायले बैलबंडी आली होती," सत्यभामा भाकर थापता थापता म्हणाली.

"बाईचं काम कराले बंडी?"

"तुमाले कधी आली काय?"

नत्थुजी ताट सारून उठला आणि धाब्यावर जाऊन बसला.

त्या साली भादव्यात झड लागली आणि जानराव पाटलाचं धाबं गळालं. गळालं ते नत्थुजीनं लगेच बुजवलं. पण माजघराची भिंत कमरेइतकी ओली राहिली.

"भिंतीचं शालिकरामले सांगून राहिलो," पाटील म्हणाले.

"काहून पाटील? पाणी माह्या धाब्यातून आलं, तं भिंत बी मीच निस्तरतो."

"तुले समजते त्यातलं?"

"तो कधी देतो म्हणते?"

"दिवाळीपावतर. आधी खरवडतो म्हणते, मंग राख लावतो, मंग शेकतो."

"मी दसऱ्याले देतो."

नवा कापूस घरात कधी येतो असं पाटलांना झालं होतं. त्यांनी होकाराची मान हलवली.

नत्थुजीचा हिशोब सरळ होता. जी माती आभाळाचं पाणी अडवते, तिच्यापुढे भिंतीची ओल म्हणजे किस झाड की पत्ती. घरी त्यानं अवाक्षर काढलं नाही. सत्यभामेनं चार गोष्टी सांगितल्या असत्या, आणि त्यातल्या तीन भावाच्या नावानं सुरू झाल्या असत्या. त्यानं ओल्या भिंतीवरच खाऱ्या मातीचा जाड गिलावा चढवला आणि हातानं घोटून आरशासारखा केला. दसऱ्याला पाटलीणबाई दुर्गाबाईंनी त्याच्या हातावर सोनं ठेवून भिंतीचं कौतुक केलं. त्या दिवशी नत्थुजी शालिकरामच्या दारावरून घरी गेला. वाट लांबची होती, पण गेला.

मग थंडी पडली, दंव पडू लागलं. भिंतीवर आधी काळे डाग उमटले, मग लोणा फुटला, मिठासारखा पांढरा. दुर्गाबाईंनी भिंतीशी रचलेल्या कापसाच्या ढिगात हात घातला आणि ओला बाहेर काढला. सगळा ढीग अंगणात ओढावा लागला. सारं गाव बघायला आलं.

"खारी माती भिंतीले लावतेत काय, नत्थुजी?" दुर्गाबाई म्हणाल्या. "धाब्यावर ठीक हाये, घरात तं ते हवेतलं बी पाणी ओढते. कोनत्याही सुनेले विचारलं असतं तं तिनं सांगतलं असतं."

पाटील एवढंच बोलले, "औंदा उन्हाळ्यात धाब्याचं कोणाले द्यायचं, ते पाहू."

घरी सत्यभामेनं विचारलं, "मले काहून नाई इचारलं?"

"तू शालिकचं नाव घेतलं असतं."

"घेतलं असतं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शालिकराम दारात उभा. "जवाईबापू, पाटलाची भिंत खरवडाले माणूस पायजे. येता काय?"

नत्थुजी गेला. न जाऊन करतो काय, धाबं हातचं जायला आलं होतं. दिवसभर तो टोमण्याची वाट बघत होता. चार सणसणीत उत्तरंही जुळवून ठेवली होती. शालिकराम मात्र बोलला तो फक्त, "इथं अजून ओल हाये," नाहीतर, "थोडं खाली घ्या." उत्तरं तशीच पडून राहिली.

उन्हं उतरता पाटील आले. "शालिकराम, धाबं बी तूच पाहून घेत जा ना रे. दोघं कायले?"



"धाब्यातलं मले नाई समजत, पाटील," शालिकराम राख पसरता पसरता म्हणाला. "ते जवाईबापूलेच इचारा."

"बरं. मंग नत्थुजी, धाबं तुयाकडंच राहू दे," म्हणत पाटील निघून गेले.

हवं ते मिळालं होतं. तरी नत्थुजी पेटला. लोकांच्या बंड्या, बायकोचं कौतुक, सगळं एक वेळ सोसलं असतं. पण 'मले नाई समजत' हे या पोराला असं सहज, राख पसरता पसरता म्हणता येतं, हे काही त्याच्यानं सोसवेना. त्यानं खुरपं उचललं आणि भिंत अशी ओरबाडायला घेतली, की आतून दुर्गाबाईंचा आवाज आला, "अवो नत्थुजी, ओल काढा, भिंत राहू द्या."